शुमावाच्या जंगलातले शांत सायकल रस्ते: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

चेक प्रजासत्ताकाच्या नैऋत्य कडेला, जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून शुमावा ही डोंगररांग आहे. चेक बाजूचं राष्ट्रीय उद्यान 1991 साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे 68,000 हेक्टर. सीमेपलीकडे बायर्न (बव्हेरिया) राज्यात 1970 साली स्थापन झालेलं उद्यान आहे. जर्मनीतलं ते पहिलं राष्ट्रीय उद्यान. जंगल मात्र एकच आहे, मधून फक्त सीमा जाते. सामान लादून, घाई न करता, गाड्यांच्या आवाजापासून लांब काही दिवस सायकल चालवायची असेल, तर पहिल्या सफरीसाठी मी हीच जागा सुचवेन. त्याचं पहिलं कारण भूगोलात आहे. इथले डोंगर उंचीनं फार मोठे नाहीत. चेक बाजूचं सर्वोच्च शिखर प्लेखी 1378 मीटरचं. पण मोद्रवा आणि क्विल्दा ही गावं हजार मीटरच्या आसपासच्या पठारावर वसली आहेत. क्विल्दा तर 1065 मीटरवर असून देशातलं सर्वांत उंचावरचं गाव मानलं जातं. एकदा वर पोचलात की रोज दरीत उतरा आणि पुन्हा चढा, हे करावं लागत नाही. पठारावरच दिवसच्या दिवस फिरता येतं.

दुसरं कारण रस्त्यांच्या इतिहासात आहे, आणि नवख्या माणसानं नकाशा उघडण्याआधी तेच समजून घ्यावं असं मला वाटतं.

आधी बघा, रस्ता कोणासाठी बांधला होता

शुमावातले शांत रस्ते सायकलवाल्यांसाठी बांधलेले नाहीत. ते तीन वेगवेगळ्या कामांसाठी झाले, आणि ते काम कळलं की चढ किती, रस्ता कसा, हे घरबसल्या ओळखता येतं.

पहिले कालव्याकाठचे रस्ते. अठराव्या शतकाच्या शेवटी या जंगलातलं लाकूड शहरांपर्यंत पोचवायचं, तर ते पाण्यातून वाहत न्यायचं हाच मार्ग होता. योसेफ रोझेनाउअर या वन-अभियंत्यानं त्यासाठी दोन कालवे आखले. श्वार्झेनबर्ग कालव्याचं काम 1789 साली सुरू झालं. तो उत्तर समुद्र आणि काळा समुद्र यांच्यामधला जलविभाजक ओलांडतो, म्हणजे व्ल्तावाच्या खोऱ्यातलं लाकूड त्यानं डॅन्यूबकडे, व्हिएन्नाच्या बाजूला नेलं. दुसरा कालवा मोद्रवाच्या खाली, 1799 ते 1801 या काळात खोदला. तिथे विद्रा नदीचं पात्र मोठमोठ्या धोंड्यांनी इतकं भरलेलं आहे की ओंडके अडकून बसत. कालव्यानं तो टप्पा टाळला. पाणी ओंडका वाहून नेईल, पण काठ फोडणार नाही, इतकाच उतार ठेवणं हे रोझेनाउअरचं कसब. कालव्याच्या कडेनं राखणदारांची वाट होती. आज तीच सायकलची वाट आहे, म्हणून ती जवळजवळ सपाट आहे. नवख्यांनी सुरुवात इथेच करावी.

दुसरे सीमारक्षकांचे रस्ते. 1948 नंतर ही सीमा बंद झाली. कुंपण, पहारे, कोणालाही प्रवेश नाही. गस्तीच्या गाड्यांसाठी जंगलातून अरुंद डांबरी पट्ट्या टाकल्या गेल्या. तो प्रदेश चाळीस वर्षं सामान्य माणसाला बंद होता, म्हणून तिथे वस्ती नाही, वाहतूक नाही. डांबर बऱ्याच ठिकाणी चांगलं आहे. पण हे रस्ते आरामासाठी आखलेले नव्हते. टेकडी आली की वळसा न घालता सरळ वर चढतात आणि सरळ खाली उतरतात. चढ लांबीला कमी, पण उभा असतो. सामान लादलेलं असेल तर सर्वांत हलका गिअर लागतो, आणि काही ठिकाणी उतरून ढकलावंही लागतं.

तिसरे वनखात्याचे रस्ते. खडीचे, रुंद, एकसारख्या चढाचे, कारण लाकडानं भरलेली गाडी तिथून खाली यायची असते. दम लागतो, पण पाय भरून येत नाहीत. इथे चिंता चढाची नाही, उताराची. सैल खडीवर सामानासह वेग वाढला की वळणावर मागचं चाक घसरतं. वळण येण्याआधी वेग कमी करा. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबू नका.

नियम, आणि फोनचा नकाशा

चेक निसर्गसंरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात सायकल फक्त सार्वजनिक रस्त्यांवर आणि उद्यान प्रशासनानं ठरवून दिलेल्या वाटांवरच चालवता येते. नवखे लोक चुकतात ते इथेच. फोनवरचं अ‍ॅप दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता काढून देतं, तो एखाद्या जंगलवाटेवरून जातो, वाट प्रत्यक्षात चांगलीही असते. पण ती सायकलसाठी खुली असेलच असं नाही. म्हणून अ‍ॅपनं मार्ग आखून दिल्यावर त्याचा प्रत्येक तुकडा सायकलमार्गाच्या खुणेशी जुळतो का, ते रेघेवर बोट ठेवून तपासा. मापी या चेक नकाशा-अ‍ॅपचा पर्यटन नकाशा यासाठी सर्वांत उपयोगी. निघण्याआधी तो फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण दऱ्यांमध्ये नेटवर्क जातं.

जमिनीवरच्या खुणा सोप्या आहेत. सायकलमार्गाची पाटी पिवळी, तिच्यावर काळी सायकल आणि क्रमांक. एक किंवा दोन आकडी क्रमांक म्हणजे लांब पल्ल्याचा मार्ग, तीन-चार आकडी म्हणजे स्थानिक. 33 क्रमांक लक्षात ठेवा: शुमावाच्या कण्यावरून जाणारा मुख्य मार्ग तो, आणि बाकीच्या बऱ्याच वाटा त्यालाच येऊन मिळतात. झाडांवर लाल, निळे, हिरवे, पिवळे पट्टे दिसतील, दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे एक रंगीत. ते पायी चालणाऱ्यांसाठी. त्यांच्या मागे सायकल घेऊन जाऊ नका.

बाकीचे नियम थोडक्यात. तंबू आणि शेकोटी फक्त नेमून दिलेल्या जागी. अठरा वर्षांखालच्यांना चेक हद्दीत हेल्मेट सक्तीचं, बाकीच्यांनीही घालावंच. काही वाटा पक्ष्यांच्या विणीच्या काळात बंद असतात किंवा फक्त पायी जाण्यासाठी असतात, तेव्हा पाटीवरच्या तारखा वाचा. या जंगलात काळा रानकोंबडा म्हणता येईल असा मोठा ग्राउझ पक्षी उरला आहे. तो माणसाच्या वर्दळीनं घरटं सोडतो. लिंक्स हा रानमांजरासारखा मोठा प्राणीही आहे, तो दिसणार नाही, पण तुम्ही त्याच्या घरात आहात हे विसरू नका.

भारतीय पासपोर्टवर येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो आणि तो दोन्ही देशांत चालतो. सीमा ओलांडताना जंगलात बहुतेक वेळा फक्त दगडी खांब आणि पाटी दिसते. तरी पासपोर्ट जवळ ठेवा, मुक्कामी ठेवून निघू नका. चेक बाजूला कोरुना, बायर्नमध्ये युरो. छोट्या जागी लागतील म्हणून दोन्ही चलनांच्या थोड्या नोटा सोबत असाव्यात.

केव्हा जावं

जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर. मेमध्ये सावलीच्या भागात बर्फ शिल्लक असू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये मोद्रवा आणि क्विल्दाच्या आसपास गर्दी होते. तेव्हा गेलात तर सकाळी लवकर निघा, दहाच्या आधी वाटा रिकाम्या असतात. हिवाळ्यात यांतल्या पुष्कळ वाटा स्कीसाठी वापरल्या जातात, त्या वेळी सायकलचा विचारच नको.

थंडीबद्दल मी जरा आग्रहानं सांगतो. क्विल्दाजवळच्या येझेर्नी स्लात या दलदलीच्या खोलगट भागात 30 जानेवारी 1987 रोजी उणे 41.6 अंश तापमान नोंदलं गेलं. दलदलीच्या अशा खोलगट जागी थंड हवा साचून राहते, आणि उन्हाळ्यातही पहाटे दहिवर गोठलेलं दिसू शकतं. ऑगस्टची सहल आहे म्हणून गरम कपडे घरी ठेवू नका. पूर्ण बोटांचे हातमोजे, कान झाकणारी पातळ टोपी आणि वारा अडवणारं जाकीट पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरला अडकवायच्या पिशवीत, वरच ठेवा. चढावर घाम येतो आणि लगेच लांब उतार लागला की तोच घाम गारठवतो. उतार सुरू होण्याआधी थांबून जाकीट चढवायची सवय लावून घ्या.

सायकल आणि सामान

खास महागडी सायकल लागत नाही. टायर 38 ते 45 मिलिमीटर रुंद असावेत, त्याहून बारीक टायर खडीवर त्रास देतात. सर्वांत हलक्या गिअरला पुढची चक्री मागच्या चक्रीएवढी किंवा तिच्याहून लहान असावी. ही एक गोष्ट जमली तर सामानासह उभा चढही बसून काढता येतो. ब्रेक पॅड नवे घालून निघा. डिस्क ब्रेक असतील तर एक जादा जोडी बरोबर घ्या, ओल्या खडीवर ते लवकर झिजतात.

सामान जितकं कमी तितकं बरं, हे सगळेच सांगतात. मी वजनापेक्षा ते कुठे ठेवता याकडे बघायला सांगेन. जड वस्तू पॅनिअरच्या तळाशी आणि चाकाच्या आसाजवळ, दोन्ही बाजूंना सारख्या. कॅरिअरचे स्क्रू पहिल्या दिवसानंतर पुन्हा आवळा. खडीच्या हादऱ्यांनी ते सैल होतात, आणि एक पडला तर जंगलात तसाच दुसरा मिळत नाही. दोन जादा स्क्रू टेपनं फ्रेमला चिकटवून ठेवा. ट्यूब, पंक्चरचं सामान, चेनची जोडकडी, लहान पंप. एवढं असलं की बहुतेक अडचणी निभतात.

दिवसाचं अंतर कसं ठरवावं

फक्त किलोमीटर बघून दिवस आखू नका. सामान लादलेल्या नवख्या स्वाराला 100 मीटर उंची चढायला साधारण पंधरा ते वीस मिनिटं लागतात, असा हिशेब धरा. सपाट खडीवर तासाला 12 ते 14 किलोमीटर. म्हणजे 40 किलोमीटर आणि 600 मीटर चढ असा दिवस असेल, तर नुसतं पायडल मारण्यातच पाच तासांच्या आसपास जातील. जेवण, फोटो, वाट चुकणं आणि दलदलीवरच्या लाकडी फळ्यांवरून फिरून येणं धरलं तर दिवस भरला. पहिल्या सफरीत यापेक्षा जास्त घेऊ नका.

पहिला दिवस: मोद्रवा

मुक्काम मोद्रवाला ठेवा आणि सामान खोलीवर ठेवून मोकळ्या सायकलनं निघा. सकाळी ब्रझेझनीकची वाट धरा. मोद्रवाहून ओढ्याच्या कडेनं सुमारे सात किलोमीटर डांबरी रस्ता, खासगी गाड्यांना बंदी, चढ इतका सौम्य की बोलत बोलत जाता येतं. शेवटी जुनं वनरक्षकाचं घर आहे आणि समोर दरीपलीकडे लुझनी शिखर, जर्मन बाजूचं, 1373 मीटर. पुढे सीमेकडे जाणारी वाट फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आणि वर्षातल्या ठरावीक काळातच खुली असते. सायकल इथून परत फिरवायची.

या वाटेवर जे दिसतं त्यासाठी मनाची तयारी हवी. दोन्ही बाजूंना स्प्रूसची (सूचिपर्णी वृक्षाची) हजारो मेलेली झाडं, करडी, साल गळालेली, उभीच्या उभी. जानेवारी 2007 मधल्या किरिल वादळानं इथलं जंगल आडवं केलं आणि नंतर सालीखाली राहणाऱ्या भुंगेऱ्यांनी उरलेलं सुकवलं. उद्यानाच्या गाभ्यात मेलेली झाडं हलवायची नाहीत, असं ठरलं. त्यावर चेक समाजात वर्षानुवर्षं कडाक्याचे वाद झाले. सायकल थांबवून एखाद्या पडलेल्या खोडाजवळ खाली बसून बघा. कुजलेल्या लाकडावर हिरवं शेवाळ, शेवाळात बोटभर उंचीची स्प्रूसची रोपं एका ओळीत उगवलेली, शेजारी रोवन आणि बर्चची कोवळी झाडं. जुनं खोडच नव्या रोपांना ओल आणि आधार देतं. त्या करड्या खोडांच्या मधे आता सगळीकडे ही हिरवी पिढी वर येते आहे, आणि ते पाहून मला या निर्णयाच्या बाजूनं बोलावंसं वाटतं.

हे पाहताना एक सावधगिरी: वारा सुटला असेल तर उभ्या मेलेल्या झाडांखाली थांबू नका, जेवायला तर नाहीच. ती काही इशारा न देता मोडतात.

दुपारी कालव्याकडे वळा. विद्रा नदीवर रेखले इथे छप्पर असलेला लाकडी पूल आहे. नदीतून येणारे ओंडके इथे अडवून कालव्यात वळवत. त्यापुढे कालव्याच्या कडेनं स्रनीच्या दिशेला जा. डावीकडे संथ पाणी, उजवीकडे दरीत धोंड्यांवर आदळणाऱ्या विद्राचा आवाज. नदी खाली खाली जाते आणि तुम्ही मात्र जवळजवळ त्याच उंचीवर राहता. नदीच्या अगदी काठची वाट पायी चालणाऱ्यांची आहे, तिकडे सायकल नेऊ नका. इथल्या ओढ्यांचं पाणी दलदलीतून येत असल्यानं कोऱ्या चहासारखं तांबूस दिसतं. ते घाण नाही, पण तसंच पिऊही नका. मुक्कामावरून दोन बाटल्या भरून निघा.

दुसरा दिवस: व्ल्तावाचा उगम आणि बुचिना

मोद्रवाहून फिलिपोवा हूत या वाडीमार्गे क्विल्दाला या. इथला चढ पहिल्या दिवसापेक्षा खरा चढ आहे, हळू घ्या. क्विल्दाहून सुमारे सहा किलोमीटरवर व्ल्तावाचा उगम. देशातली सर्वांत लांब नदी, प्रागमधून वाहणारी, इथे लाकडाच्या कठड्यातल्या एका लहानशा कुंडातून निघते. तिथून थोडं पुढे बुचिना.

बुचिनाला आज एक हॉटेल आहे आणि जुन्या सीमाकुंपणाचा नमुना म्हणून उभा केलेला तुकडा. इथे गाव होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन भाषक रहिवाशांना घालवून दिलं गेलं आणि पुढे सीमाबंदीच्या काळात घरं पाडली गेली. अशी कितीतरी गावं या पट्ट्यात होती. जंगलात अचानक मोकळं कुरण आणि त्यात फळझाडांची ओळ दिसली, तर तिथे घरं होती असं समजा. हवा स्वच्छ असेल तर बुचिनाहून दक्षिणेला आल्प्सची रांग दिसते.

इथून सीमा ओलांडून फिन्स्टरआउला उतरता येतं, किंवा गाड्यांना बंद असलेल्या डांबरी रस्त्यानं क्विल्दाला परत. दमला असाल तर उन्हाळ्यात या भागात धावणाऱ्या हिरव्या बसचा आधार घ्या. काही गाड्यांवर सायकल ठेवायची सोय असते, पण जागा मोजकी. शेवटच्या बसवर अवलंबून राहू नका.

तिसरा आणि चौथा दिवस: सीमेच्या कडेनं आग्नेयेकडे

आता सामान लादून निघायचं. बुचिनाहून क्नीझेत्सी प्लानेकडे जाणारा रस्ता सगळ्या सफरीतला सर्वांत एकाकी. या गावाचं चर्च 1956 साली उडवून दिलं. नंतर सावरलेली दफनभूमी मात्र आहे, आणि तिथे थोडा वेळ थांबावं. पुढे स्त्राझ्नीला मोठा राज्यमार्ग आडवा येतो, ट्रकांचा. तिथे गाड्यांची गर्दी असते, पण अंतर थोडंच आहे. लगेच पुन्हा जंगल. मुक्कामासाठी स्तोझेत्स सोयीचं. स्त्राझ्नी ते स्तोझेत्स या पट्ट्यात दुकानं नसल्यासारखीच आहेत, तेव्हा दुपारचं जेवण सोबत ठेवा. सीमा ओलांडून बायर्नमध्ये गेलात तर रविवारी तिथली दुकानं बंद असतात, हेही ध्यानात असू द्या.

चौथ्या दिवशी श्वार्झेनबर्ग कालवा. स्तोझेत्सहून वर चढून कालव्याला लागलात की मग येलेनीपर्यंत चढउताराचं नावच नको. दगडी कमानींचे छोटे पूल, मधेच ओढ्यांचं पाणी कालव्यात घ्यायची दारं. येलेनीला कालवा डोंगराच्या पोटात शिरतो. जवळजवळ 400 मीटरचा हा बोगदा 1820 च्या दशकात कालवा वाढवताना खोदला. उन्हाळ्यात इथे ओंडके वाहवण्याची प्रात्यक्षिकं होतात. येलेनीहून नोवा पेत्सपर्यंत मोठा उतार, लिप्नो जलाशयाच्या टोकाशी. ब्रेक आधी तपासा.

गोचीड, दवाखाना, मदत

या जंगलातली खरी जोखीम अस्वल-लांडग्यांची नाही, गोचिडांची आहे. दक्षिण बोहेमिया आणि बायर्न या दोन्ही भागांत गोचिडांमधून मेंदूज्वर पसरतो. त्यावर लस आहे, पण ती अनेक मात्रांत आणि आठवडे आधीपासून घ्यावी लागते. डॉक्टरांशी वेळेत बोला. गोचिडांमुळेच होणाऱ्या लाइम आजारावर अशी लस घेऊन जाता येत नाही, म्हणून रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या मुळाशी नीट बघा. गोचीड दिसली तर चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ ओढा. तेल, साबण काही लावू नका. नंतर त्या जागी लालसर वर्तुळ पसरताना दिसलं तर लगेच डॉक्टरकडे.

अपघात झाला तर दोन्ही देशांत 112. चेक बाजूचं डोंगरी बचाव पथक 1210 वर मिळतं. 'झाखरांका' नावाचं चेक अ‍ॅप फोनमध्ये ठेवा, ते तुमची जागा थेट मदतकेंद्राला कळवतं. सीमेजवळ फोन अधूनमधून पलीकडच्या देशाचं नेटवर्क पकडतो, तेव्हा बोलताना तुम्ही कोणत्या देशात आहात हे आधी सांगा.

यायचं-जायचं कसं

प्रागहून क्लातोवीमार्गे झेलेझना रुडापर्यंत रेल्वे आहे. जर्मनीकडून येणाऱ्यांना प्लाटलिंगहून बायरिश आयझेनश्टाइन. तिथल्या सीमेवरच्या स्टेशनची इमारतच दोन देशांत विभागलेली आहे. झेलेझना रुडाहून प्राशिलीमार्गे मोद्रवाला सायकलनं येता येतं, पण तो दिवस चढाचा आहे. पहिल्याच दिवशी जमेल असं वाटत नसेल तर बस पकडा. परतताना नोवा पेत्सहून चेस्के बुद्येयोवित्सेला रेल्वे आहे. सायकलचं वेगळं तिकीट काढावं लागतं आणि डब्यात जागा मर्यादित असते. शनिवार-रविवारी संध्याकाळची गाडी टाळा, दुपारची घ्या. पॅनिअर फलाटावरच उतरवून ठेवा, म्हणजे सायकल उचलून चढवताना मागच्यांना खोळंबावं लागत नाही.